सायकलने कामावर जातंय कोण?

इंग्लंड आणि वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत सायकलने कामावर जाणाऱ्यांचा आकडा ७ लाख ४१ हजार भरला. दहा वर्षांपूर्वीच्या जनगणनेपेक्षा तो ९० हजारांनी जास्त होता. सायकलप्रेमींनी पेढे वाटायला हरकत नव्हती. पण त्या दहा वर्षांत काम करणाऱ्यांची एकूण संख्याही वाढली होती. शेकडा हिशेब केला तर २००१ मध्ये २.८ आणि २०११ मध्येही २.८. त्याच तक्त्यात आणखी खाली उतरलं की लंडनची ओळ लागते. तिथे हा आकडा ७७ हजारांवरून १ लाख ५५ हजारांवर, म्हणजे दुपटीवर गेलेला. राजधानीत दुप्पट झाली आणि तरी देशाची सरासरी जागची हलली नाही, याचा अर्थ इतरत्र कुठेतरी लोक सायकलवरून उतरत होते. त्यांची बातमी झाली नाही.

सायकलने कामावर जाणारे वाढताहेत का, या प्रश्नावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना हा एकच तक्ता पुरतो. हो म्हणणारा लंडनवर बोट ठेवतो, नाही म्हणणारा सरासरीवर. दोघंही खोटं बोलत नाहीत. माझं म्हणणं असं की प्रश्नच अर्धवट आहे. जगभर सायकलची एखादी लाट आली आहे आणि ती आज ना उद्या आपल्याही शहरात पोचेल, ही समजूत सोडून द्यायला हवी. काही शहरांत सायकल वाढते, कारण तिथे कुणीतरी रस्त्याची जागा भांडून मिळवलेली असते. बाकी ठिकाणी ती मुकाट्याने घटते. आणि वाढले ते कोण, घटले ते कोण, हे पाहिल्याशिवाय नुसत्या टक्क्याला अर्थ नसतो.

आधी मोजणीबद्दल. जनगणनेत साधारणपणे कामावर जाण्याचं एकच मुख्य साधन विचारतात. अनेक देशांत नियम असा की प्रवासाचा सर्वात लांब टप्पा ज्या वाहनाने होतो, ते मुख्य. त्यामुळे घरापासून स्टेशनपर्यंत रोज सायकल हाकणारा माणूस कागदावर रेल्वेचा प्रवासी ठरतो. नेदरलँड्समध्ये रेल्वेने जाणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक घरून स्टेशनवर सायकलने येतात. उट्रेख्ट स्टेशनखाली १२ हजार ५०० सायकलींचं तळघर त्यांच्यासाठीच बांधलं आहे. अशी माणसं मुख्य साधनाच्या रकान्यात शोधून सापडायची नाहीत.

दुसरी पद्धत यंत्राची. सायकलमार्गाच्या डांबरात खाच पाडून तारेचं वेटोळं पुरतात, वरून धातूचं चाक गेलं की नोंद होते, आणि शेजारच्या खांबावर दिवसभराचा आकडा लकाकत राहतो. दिसायला झकास. पण हे यंत्र फेऱ्या मोजतं. सकाळी गेलेली बाई संध्याकाळी परतली की ते तिला पुन्हा मोजतं. शिवाय ते बसवतात कुठे, तर नव्या कोऱ्या मार्गावर. शेजारच्या गल्लीतून जीव मुठीत धरून जाणारे लोक या मार्गावर वळले की आकडा फुगतो. शहरात एकही नवा सायकलस्वार न वाढता ‘सायकल वापरात मोठी वाढ’ असा मथळा छापून येऊ शकतो, आणि येतोही.

तिसरा घोटाळा काळाचा. ब्रिटनमध्ये २०२० साली सायकलवर कापलेलं अंतर आदल्या वर्षापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी वाढलं. रस्ते मोकळे होते, माणसं घरात कंटाळली होती. सायकलींची दुकानं रिकामी झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत हा आकडा पुन्हा साथीच्या आधीच्या पातळीजवळ येऊन टेकला. त्यातली बरीचशी सायकल मुळात कामावर जाण्याची नव्हतीच, कारण कामावर जायचंच नव्हतं. इंग्लंड-वेल्सची पुढची जनगणना नेमकी मार्च २०२१ मध्ये, टाळेबंदीत झाली आणि काम करणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांनी ‘घरूनच काम करतो’ असं लिहिलं. त्या वर्षाच्या आकड्यावरून सायकलबद्दल ठाम बोलणाऱ्याकडे जरा संशयानेच बघावं.

आता या चर्चेत बहुधा कुणी न काढणारा विषय. सायकलने कामावर जाणाऱ्यांची सर्वात मोठी फौज कोपनहेगनमध्ये नाही आणि ॲमस्टरडॅममध्येही नाही. भारताच्या २०११ च्या जनगणनेने पहिल्यांदाच कामावर जाण्याचं साधन विचारलं. शेती आणि घरगुती उद्योग वगळून उरलेल्या कामकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के, म्हणजे अडीच कोटींहून अधिक माणसं सायकलने जातात असं त्यात आढळलं. इंग्लंडच्या २.८ शी हे ताडून पाहा. अमेरिकेत तर २००० साली ०.४ टक्के होते, ते पुढच्या दहा-बारा वर्षांत ०.६ झाले. माणसांच्या संख्येत ही वाढ ६० टक्क्यांची, म्हणून तिकडे तिचं केवढं कौतुक झालं! चीनचं चित्र तर आणखी मोठं. बीजिंगमध्ये १९८० च्या दशकात साठ टक्क्यांहून अधिक प्रवास सायकलवर होत असे. २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो बारा टक्क्यांच्या आसपास आला. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क यांनी मिळून गेल्या वीस वर्षांत जेवढे सायकलस्वार मिळवले असतील, त्यांच्या कित्येक पट एकट्या चीनच्या शहरांनी गमावले. तिथले बरेच जण गाडीत गेले, आणखी बरेच विजेच्या दुचाकीवर.

या गमावलेल्यांबद्दल हळहळ व्यक्त करणं सोपं आहे, पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. रात्रपाळी सुटलेली आहे, मागच्या चाकाला दिवा नाही, रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी संपली की थेट खडी, आणि शेजारून ट्रक गेला की हँडल आपोआप डावीकडे ओढलं जातं. हे रोज सोसणाऱ्याने हप्त्याची सोय होताच मोटरसायकल घेतली तर त्याला पर्यावरणाचे धडे देण्याचा अधिकार निदान गाडीच्या काचेआडून बोलणाऱ्याला नाही. तो सायकल निवडत नव्हता. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून सायकल होती.

म्हणून मला वाटतं की सायकलने जाणाऱ्यांचे दोन वेगळे हिशेब मांडावेत. एक, ज्यांना पर्याय नाही त्यांचा. दुसरा, ज्यांना पर्याय आहे आणि तरी जे सायकल काढतात त्यांचा. दोन्ही एका टक्क्यात कोंबले की भलतेच निष्कर्ष निघतात. गरीब शहरात टक्का घसरला तर ती प्रगती वाटते आणि श्रीमंत शहरात अर्ध्या टक्क्याने चढला तर क्रांती. सायकलच्या नावाने होणारा बहुतेक खर्च आणि बहुतेक कौतुक दुसऱ्या गटाच्या वाट्याला येतं. पहिल्या गटाला साधा सरळ, उजेड असलेला रस्ता मिळाला असता तर त्यातले कितीतरी जण सायकलवर राहिले असते, आणि मग ‘लोकांना सायकलकडे कसं वळवावं’ यावर परिषदा भरवायची वेळच आली नसती.

‘ते डच लोक, त्यांच्या रक्तातच सायकल’ हे वाक्य अशा चर्चेत हटकून येतं. इतिहास वेगळं सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्येही लोकांनी गाड्या घेतल्या, चौक बुजवून वाहनतळ केले, आणि दोन दशकं सायकलचा वाटा घसरत राहिला. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर ३ हजार ३०० हून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली, आईबाप रस्त्यावर उतरले. पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं आणि सरकारने काही रविवार गाड्यांना बंदी घातली. पुढची चाळीस-पन्नास वर्षं तिथल्या नगरपालिका एकेक रस्ता उकरून पुन्हा बांधत बसल्या. आज देशातल्या एकूण फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त सायकलवर होतात, ते या खोदकामामुळे.

ज्यांना पन्नास वर्षं थांबायचं नाही त्यांनी स्पेनमधलं सेव्हिल पाहावं. उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करणारं हे शहर. सायकलची परंपरा म्हणाल तर जवळपास शून्य, वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तिथे २००६-०७ च्या सुमारास सुमारे ८० किलोमीटरचे मार्ग एका दमात बांधले. ते उंचवट्याने गाड्यांपासून वेगळे केलेले होते आणि एकमेकांना जोडलेले होते. जागा बरीचशी रस्त्याकडेच्या पार्किंगमधून काढली. काही वर्षांत वाटा सहा टक्क्यांच्या वर गेला. पॅरिसने हेच मोठ्या पटावर केलं. महापौर ॲन इदाल्गो यांच्या काळात रिव्होली रस्त्यासारखा भर मध्यातला राजमार्ग २०२० मध्ये खासगी गाड्यांना जवळपास बंद झाला. २०२४ मध्ये तिथल्या प्रादेशिक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पॅरिस शहराच्या हद्दीतल्या ११.२ टक्के फेऱ्या सायकलवर आणि ४.३ टक्के गाडीने होतात असं आढळलं. (यात कामाच्या सोडून इतरही फेऱ्या धरल्या आहेत.)

सेव्हिलचा धडा मुख्यतः ‘जोडलेले’ या शब्दात आहे, कारण बहुतेक शहरं नेमकी तिथेच माती खातात. सरळ, रुंद, मुळात धोका कमी असलेल्या रस्त्यावर छान रंगवलेली पट्टी असते. चौक पन्नास मीटरवर आला की ती अंतर्धान पावते. सायकलस्वाराला जिथे सर्वात जास्त आधार हवा, डावी-उजवीकडे वळणाऱ्या बस, मागून हॉर्न, सिग्नल सुटायच्या आत पुढे घुसणारे दुचाकीवाले, तिथे तिचा पत्ता नसतो. चौक ओलांडला की पट्टी पुन्हा उगवते, आणि तिच्यावर कुणाची तरी गाडी उभी असते. कागदावर हे सगळं मिळून अमुक इतके किलोमीटर म्हणून मिरवलं जातं. डच चौकात सायकलच्या रांगेला आणि वळणाऱ्या गाडीला एकमेकींची गाठ काटकोनात पडेल अशी कोपऱ्यात दगडी बेटं असतात, म्हणजे चालकाला समोर सायकल दिसतेच. कोपनहेगनमध्ये काही सिग्नलपाशी पाय टेकायला दांडी लावली आहे. उतरायची गरज नाही, हिरवा झाला की निघा. अशी दांडी बसवायला फारसा खर्च येत नाही, पण ती सुचायला सिग्नलपाशी सायकलवर उभं राहिलेलं असावं लागतं.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये नागरिकांची एक ढोबळ विभागणी मांडली होती. कसल्याही रस्त्यावर सायकल घालणारे एक टक्काही नाहीत. बरी पट्टी मिळाली तर येणारे सातेक टक्के. तेहतीस टक्के काही झालं तरी येणार नाहीत. मधले साठ टक्के म्हणजे इच्छा आहे, पण भीती वाटते. आकडे अंदाजाचे होते, हे त्यांनीही लपवलं नाही. तरी विभागणी पटते. मधल्या साठांना घोषणांनी आणता येत नाही, कारण त्यांना सायकल चांगली असते हे आधीच ठाऊक असतं.

हे साठ कोण, याचा अंदाज पुरुष-स्त्रियांच्या आकड्यांतून येतो. अमेरिकेत सायकलने कामावर जाणारे पुरुष ०.८ टक्के आणि स्त्रिया ०.३. इंग्लंड-वेल्समध्ये २०११ ला पुरुष ३.९ आणि स्त्रिया १.६. नेदरलँड्समध्ये मात्र एकूण सायकलचा वापर स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कमी नाही, थोडा जास्तच भरतो. बायकांना सायकल आवडत नाही असं यावरून म्हणणाऱ्याने कुठल्याही डच शाळेबाहेर सकाळी उभं राहावं. पुढच्या खोक्यात दोन पोरं, मागे दप्तरं, आणि पोरांना सोडून बाई तशीच कामावर. एखाद्या शहरात सायकल खरोखर वाढते आहे का, हे मला विचारलं तर मी टक्का बघणार नाही. रस्त्यावरच्या सायकलस्वारांत बायका किती, साठीच्या पुढचे किती आणि रोजच्या साध्या कपड्यांत किती, एवढं बघेन. अंगाला चिकटलेले चकचकीत कपडे, हेल्मेटवर कॅमेरा आणि चेहऱ्यावर लढाईला निघाल्याचा भाव, असेच पुरुष दिसत असतील तर तो रस्ता अजून एका टक्क्यावाल्यांचाच आहे. या मंडळींबद्दल आकस नाही. ती नसती तर विषयच निघाला नसता. पण त्यांच्या संख्येवरून शहर सुधारल्याचा निर्वाळा देऊ नये.

आरोग्याच्या प्रचाराबद्दलही मला थोडी शंका आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१७ मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती त्यात तपासली. सायकलने कामावर जाणाऱ्यांत अभ्यासाच्या काळात मृत्यूचं प्रमाण गाडी-बसने जाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. मुळात धडधाकट असलेली माणसंच सायकल काढतात, हेही त्यात असू शकतं. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण असा आकडा वाचून कुणी सोमवारी सकाळी सायकल बाहेर काढतो का? कोपनहेगनची महापालिका आपल्या सायकलस्वारांना कारण विचारत आली आहे. बहुसंख्यांचं उत्तर असतं की ती लवकर पोचवते आणि सोयीची आहे. पर्यावरणाचं नाव घेणारे त्यांच्या मानाने थोडे. जिथे सायकल भरपूर आहे तिथे ती पुण्यकर्म म्हणून कुणी चालवत नाही. उशीर होऊ नये म्हणून चालवतात.

मग ऑफिसांनी काय करावं? पुष्कळ देशांत सायकलखरेदीवर करसवलत किंवा किलोमीटरमागे भत्ता देण्याच्या योजना आहेत. ब्रिटनमधली १९९९ पासून चालू आहे. योजना चांगल्या आहेत, पण ज्याची सायकल ठेवायची सोय नाही त्याला त्यांचा उपयोग नाही. तळघरातल्या पार्किंगच्या अगदी टोकाला, पाण्याच्या पंपाशेजारी, फक्त पुढचं चाक अडकेल असा एक वाकडा स्टँड असतो. फ्रेमला कुलूप लावायला तिथे जागा नाही. उतारावरून खाली जाताना मागून गाडी येते आणि रखवालदार ‘सायकल बाहेर लावा’ म्हणतो. हात-तोंड धुऊन शर्ट बदलायला जागा म्हणाल तर अपंगांसाठीचं स्वच्छतागृह. एवढं सोसून पोचलेल्या कर्मचाऱ्याचा पर्यावरणदिनी फोटो काढतात.

ई-सायकलमुळे या सगळ्यातली काही गणितं बदलतील असं मला वाटतं, आणि मार्गांखालोखाल माझा भरवसा तिच्यावरच आहे. घामाची तक्रार, चढाची तक्रार, ‘माझं ऑफिस बारा किलोमीटरवर आहे’ ही तक्रार, तिन्ही तिने बऱ्याच सौम्य केल्या. जर्मनीत २०२३ मध्ये ई-सायकलींची विक्री पहिल्यांदा साध्या सायकलींच्या पुढे गेली, सुमारे २१ लाखांविरुद्ध १९ लाख. कट्टर मंडळी तिला सायकल मानायला तयार नसतात. मानू नका. गुडघे दुखणारी पन्नाशीची व्यक्ती तिच्यावर बसून रोज कामाला जात असेल तर शुद्धतेचा वाद करत बसायला वेळ कुणाला आहे? तिने एक नवा गट मात्र रस्त्यावर आणला आहे, तो म्हणजे घरपोच सामान देणाऱ्यांचा. ते सायकलवर कामावर जात नाहीत, सायकलवरच काम करतात. जनगणनेच्या प्रश्नात ते कुठे बसतात कोण जाणे, पण रस्त्याचा धोका दिवसातले दहा-बारा तास तेच झेलतात.

मार्ग बांधले की झालं, असंही म्हणता येत नाही. गेलर यांचं पोर्टलंड याचं बोलकं उदाहरण. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत हे सायकलचं माहेरघर. २०१४ मध्ये तिथला वाटा ७ टक्क्यांच्या वर पोचला. २०१९ मध्ये, म्हणजे साथ यायच्या आधीच, तो ५ च्या आसपास उतरला होता आणि २०२१ मध्ये ३ च्या खाली गेला. मार्ग कुणी उखडले नव्हते. शेवटच्या घसरगुंडीत घरून कामाचा वाटा उघड आहे, पण आधीची घट त्याने समजावता येत नाही. मध्यवस्तीतली घरं महागली की सायकलवर जाऊ शकणारी तरुण, मध्यम उत्पन्नाची माणसं लांब ढकलली जातात. तिथून कामाचं अंतर सायकलच्या टप्प्यात राहत नाही. म्हणजे सायकलचा प्रश्न थोडा पुढे नेला की घरांचा प्रश्न होतो, आणि तो वाहतूक खात्याच्या हातात नसतो.

आणि उखडणारेही असतात. लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर २०२० च्या शरद ऋतूत घातलेली तात्पुरती सायकलपट्टी सुमारे सात आठवड्यांत, डिसेंबरमध्ये काढून टाकली. कॅनडात ओंटारिओ प्रांताच्या सरकारने २०२४ मध्ये टोरोंटोतल्या तीन मोठ्या रस्त्यांवरचे मार्ग काढायचा कायदाच केला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. दुकानदारांची ‘गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार’ ही भीती मी खोटी मानत नाही. रस्त्याची रुंदी ठरलेली आहे, एकाला दिली की दुसऱ्याची कमी होते, आणि हे नाकारून सायकलचे समर्थक स्वतःचंच नुकसान करतात. पण नवा मार्ग लोकांच्या सवयीत उतरायला काही वर्षं लागतात. सात आठवड्यांत तो चालला की फसला हे ठरवणाऱ्यांनी ते आधीच ठरवलेलं होतं, असंच म्हणावं लागतं.

पुढच्या पाहणीत एक रकाना वाढवावा, अशी माझी सूचना आहे. सायकल कधी चालवत होता का, आणि सोडली असेल तर केव्हा आणि का? आपल्या सगळ्या मोजण्या आज सायकलवर असलेल्यांना भेटतात, सोडून गेलेल्यांना कुणी गाठत नाही. बीजिंगच्या त्या साठातल्या अठ्ठेचाळीस टक्क्यांनी, पोर्टलंडच्या चार टक्क्यांनी आणि २००१ ते २०११ मध्ये लंडनबाहेर सायकल ठेवून दिलेल्या इंग्रजांनी काय उत्तर दिलं असतं? काही म्हणाले असते की घर लांब गेलं. काही म्हणाले असते की मुलगी झाली आणि तिला त्या चौकातून न्यायची हिंमत झाली नाही. काहींची सायकल चोरीला गेली असेल आणि त्यांनी दुसरी घेतली नसेल. या तीन उत्तरांवर करायच्या गोष्टी तीन वेगळ्या आहेत, आणि ‘टक्का वाढला की घटला’ एवढंच विचारत राहिलो तर त्यातली एकही करायची सुचणार नाही.